राजाचे डोळे कुणी मिटले

ऑक्टोबर १४

काल महाराज गेले. दुपारी, भरती लागायच्या सुमाराला.

बाबा असते तर म्हणाले असते, आधी स्वतःची पापं लिही, मग जगाची खबर. बाबा इथले पाद्री. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून बेटावर पाद्री नाही. नवा येणार तो येशूजन्माच्या आसपास, तेही समुद्रानं येऊ दिलं तर. कबुलीपर्यंत विसरायला नको म्हणून बाबांच्या जुन्या पंचांगाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवते.

एक. महाराज नऊ दिवस बोलले नव्हते. डावी बाजू गेलेली. डोळे सताड उघडे, आढ्याकडे. सुन्निवाबाईसाहेब आठ दिवस बापाच्या उशाशी बसून होत्या. काल हाल्दोरचं जहाज दिसलं आणि सगळा वाडा किनाऱ्याकडे धावला. हाल्दोर म्हणजे महाराजांच्या वारलेल्या भावाचा मुलगा. दोन वर्षांनी उगवला, तोही चाळीस भालेवाले घेऊन! बाईसाहेब मला म्हणाल्या, "रानवेग, तू बस इथं. त्याला हत्यारं खाली ठेवायला लावते नि आलेच." सगळे गेले. वाऱ्यानं धूर परत आत येत होता, म्हणून मी दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं श्वास थांबला. बाबांनी शिकवलं होतं तसं, श्वास उरलाय का ते कळायला, हंसाचं बारीक पीस महाराजांच्या ओठावर ठेवलं. प्रार्थना म्हटली. डोळे उघडेच होते. मेलेल्याच्या उघड्या डोळ्यांपुढून जो पहिला जातो त्याला ते सोबत नेतात, असं वाड्यातली मुलं सांभाळणारी ओलोव धाई लहानपणापासून सांगत आलीय. मी मिटले. मग तोंड, मग नाकपुड्या, रीतीप्रमाणे. हे काम रक्ताच्या माणसाचं. माझं महाराजांशी नातं काय? त्यांच्या पाद्र्याची मुलगी, एवढंच.

मग बाईसाहेब आल्या. बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. गुडघ्यावर बसल्या आणि चेहऱ्यावर हात ठेवला. तेवढ्यात मागून हाल्दोर, त्याची पाचसहा माणसं, वाड्यातली तेवढीच आणि ओलोव धाई. धाईनं हंबरडाच फोडला, "बघा रे बघा, लेकीनं बापाचे डोळे मिटले! सुटला माझा राजा!"

मी गप्प बसले. हे पाप पहिलं.

दोन. परवा महाराजांच्या वाटीत मध घातलेली लापशी उरली होती. ती मी खाल्ली. उपासाचा दिवस होता.

तीन. हे नंतर लिहीन.

ऑक्टोबर १५

दिवसभर महाराजांच्या शवपेटीचं काम. बेटावर एवढं मोठं लाकूड नाही. एक जुनी होडी मोडली. धाई म्हणाली, "बरंच झालं. जमिनीवर त्यांना कुठं झोप लागायची!"

ऑक्टोबर १७

महाराजांना पुरलं. बाबांच्या शेजारी! मला बरं वाटलं, मग वाईट वाटलं की बरं वाटलं.

संध्याकाळच्या जेवणाला हाल्दोर सगळ्यांसमोर उठला. देखणा आहे. हसतमुख. माशाचा काटा दातात धरूनच बोलत होता.

"ताई, तू विधवा. तुला मूल नाही. काकांना मुलगा नाही. मी पुरुष आहे, चाळीस माणसं आहेत. उगाच तीस दिवस कशाला थांबायचं? आजच गादीचं आटपू."

बाईसाहेब म्हणाल्या, "हाल्दोर, आधी तो काटा काढ. घशात अडकला तर मला तिसाव्याची दोन जेवणं घालावी लागतील."

सगळे हसले. हाल्दोरची माणसंसुद्धा. पण हसून काय होणार, भाले त्याच्याकडे आहेत.

केतिलबुवांना विचारलं. कायदा त्यांच्या डोक्यात आहे, सगळा, त्यांच्या बापाकडून पाठ केलेला. लिहिलेला कुठंच नाही. ते उठले, अंगठा कंबरपट्ट्यात खोचला, एकच डोळा आहे तो मिटला आणि गाऊ लागल्यासारखे म्हणाले: मुलगा नसेल तर मुलगी आणि पुतण्या सारखे. दोघं सारखे असतील तर ज्याच्या हातानं मृताचे डोळे मिटले, त्याची पायरी. तिसाव्याच्या जेवणाला तो गादीपुढच्या पायरीवर बसेल, वारसाचा पेला पिईल आणि मग गादीवर चढेल.

"आणि ज्यांनी बघितलं त्यांची शपथ लागेल," बुवा म्हणाले. "बारा माणसं. आणि खोलीत जे होतं ते."

खोलीत मी होते.

हाल्दोर म्हणाला, "अजून काय काय आहे कायद्यात, आजोबा?"

"विचाराल तेवढं सांगतो," बुवा म्हणाले आणि खाली बसले.

शपथ नऊ नोव्हेंबरला. तिसावा अकराला, संत मार्टिनच्या दिवशी. मी चारदा मोजलं.

ऑक्टोबर १८, संत लूक

आज बाईसाहेबांनी मला लोकर विंचरायला बोलावलं. मी कधी लोकर विंचरत नाही, मला पत्रं लिहायला ठेवलंय. तेव्हाच कळलं.

लोकरीचा एक गुंता सोडवून झाला. मग, "तू मिटलेस ना?"

"हो."

"मी आल्यावर पापण्यांवर हात ठेवला, तर त्या आधीच मिटलेल्या. मला वाटलं होतं त्यांनीच मिटले असतील. मग आठवलं, नऊ दिवस त्यांना मिटताच येत नव्हते."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी कसली? मी तिथं असायला हवं होतं. आठ दिवस बसले आणि त्या एका तासाला हाल्दोरचं तोंड बघायला गेले!" मग विंचरणी बाजूला ठेवली. "रानवेग, त्या दिवशी तू बोलली नाहीस. मीही बोलले नाही. आता दोघींना पुढे तसंच जावं लागेल."

"शपथ घेताना माझा हात संताच्या अस्थींच्या पेटीवर असणार," मी म्हटलं.

"माझाही," त्या म्हणाल्या.

त्यांना काय हवंय ते त्यांनी सरळ सांगितलं, आडपडदा नाही. हाल्दोरनं मुख्य भूमीवरच्या यार्लला, तिथल्या मोठ्या सरदाराला, शब्द दिलाय: गादी मिळाली की बेटावरची दर तिसरी होडी, माणसांसकट, यार्लच्या लढाईला. एकशे पाच होड्या आहेत. म्हणजे पस्तीस. ओलोव धाईचे दोन नातू, रस्त्यापलीकडचा तोरे, सगळे. "मी गादीवर असले तर एकही होडी जाणार नाही," त्या म्हणाल्या. "मला मुकुट घालून मिरवायचं नाहीये गं. मुकुट आहे कुठं? आजोबांनीच वितळवला."

मी विचार करते म्हटलं. वितळवलेल्या मुकुटाचा एक तुकडा आमच्या देवळातल्या पेल्याला लागलाय, एवढंच तेव्हा मनात आलं.

ऑक्टोबर २०

झोप नाही. जव दळले. बरं वाटलं.

ऑक्टोबर २३

हाल्दोर स्वयंपाकघरात आला. मी पीठ मळत होते. धाई बाहेर मासे उलटवायला गेलेली.

"पाद्र्याची पोर तू. लिहिता येतं म्हणे."

"येतं."

"माझं नाव लिही."

पिठातच लिहून दाखवलं. तो वाकून बघत राहिला. बोटानं एकेक अक्षर पुन्हा गिरवलं. लहान मुलासारखा खूश झाला, खरंच. "एवढंसंच? मला वाटायचं बरंच मोठं असेल."

मग फळीवर बसला, पाय हलवत. "मी आत आलो तेव्हा ताईचा हात काकांच्या चेहऱ्यावर होता. तो मी बघितला, माझ्या माणसांनीही बघितला. पण हात ठेवणं वेगळं आणि मिटणं वेगळं. तू खोलीत होतीस. तुझ्या तोंडाकडे बघितलं मी. तुला खोटं बोलता येत नाही, पोरी. तुझे कान लाल होतात."

मी कानावर हात नेला! मूर्ख!

तो मोठ्यानं हसला. "मी तुला खोटं बोल म्हणतच नाहीये. नीट ऐक. खरं बोल. एवढंच. बदल्यात मुख्य भूमीवरच्या मठात पाठवतो तुला. तिथं चाळीस पुस्तकं आहेत. मी मोजलीत."

"तुम्हाला वाचता येत नाही."

"मोजता येतं की!"

गेल्यावर पिठातलं नाव पुसलं आणि त्याच पिठाची भाकरी केली. ती त्यालाच वाढली गेली की कुणा दुसऱ्याला, कळलं नाही.

चाळीस पुस्तकं. बाबांकडे तीन होती. त्यातल्या एकाला उंदरांनी अर्धं खाल्लं होतं.

(पाप: लोभ. दिवसभर.)

ऑक्टोबर २८

विचित्र आहे. वाईट माणूस मला खरं बोलायला सांगतो आणि चांगलं माणूस खोटं. बाबांनी याचं काही शिकवलं नाही. त्यांनी शिकवलं ते असं: टेबलाशी बसवायचे, हातात चाकू आणि लाकडाची पट्टी. अक्षर चुकलं की म्हणायचे, खरवड आणि पुन्हा कोर, पण आधी चूक कुठली ते मला मोठ्यानं सांग. खरवडण्याआधी सांगायचं. नाहीतर पट्टी काढून घ्यायचे.

आई म्हणायची, "अहो, सहा वर्षांची आहे ती." ते म्हणायचे, "अक्षर तर हिच्या हातात सहाच दिवसांचं आहे, त्याला जपायला नको?"

नोव्हेंबर १, सर्व संत

देवळात पाद्री नाही, तरी सगळे जाऊन उभे राहिले. बाईसाहेब पुढे, हाल्दोर त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा. कुणी मागे हटेना. धाई माझ्या कानात म्हणाली, "लग्नच लावा म्हणावं दोघांचं, भांडण मिटेल." मी हसले. देवळात.

नोव्हेंबर २

मृतांचा दिवस. बाबांच्या आणि महाराजांच्या दोघांच्या थडग्यावर दिवा लावला. महाराजांच्या दिव्याची वात तीनदा विझली. वारा होता.

नोव्हेंबर ५

शपथेला उभे राहणारे बारा जण ठरले. हाल्दोरचेही काही जण, कारण त्यांनीच तो हात बघितला. बाराही जण प्रामाणिकपणे म्हणतील, लेकीचा हात बापाच्या चेहऱ्यावर होता. ते खरंच आहे. शेवटची मी.

धाईला काही माहीत नाही. मला म्हणते, "तुला काय गं, उभं राहायचं आणि 'हो' म्हणायचं. माझ्या नातवांचा जीव तुझ्या एका 'हो'वर आहे, तर जरा मोठ्यानं म्हण." गंमत करत होती. मग माझ्या ताटात तिच्या वाटचं लोणी टाकलं.

तिचं लक्ष नसताना ते लोणी मी तिच्याच ताटात परत टाकलं.

नोव्हेंबर ८

बाईसाहेबांना म्हटलं, मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, "जमेल. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे." रागावल्या नाहीत. हेच वाईट.

नोव्हेंबर ९

आज शपथ झाली.

संताच्या बोटाचं हाड असलेली पेटी टेबलावर. बारा जणांनी हात ठेवून सांगितलं. मग बाईसाहेब. त्या म्हणाल्या, "माझा हात माझ्या बापाच्या डोळ्यांवर होता." खोटं नव्हतं! त्यांनी इतकं नीट घडवलेलं वाक्य होतं ते. मग मला वाटलं, मलाही तसंच एक वाक्य सापडेल. रात्रभर शोधत होते. पेटीवर हात ठेवला, ती गार होती, आणि एकही वाक्य आलं नाही.

केतिलबुवा म्हणाले, "बोल, पोरी. महाराजांचे डोळे कुणी मिटले?"

"मी."

 मग एकच गलका. धाई ओरडली, "काय म्हणाली? काय म्हणाली ती?" बाईसाहेब हलल्यासुद्धा नाहीत. हाल्दोर मात्र हसत सुटला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मांडीवर थाप मारली. "म्हणजे आता काय, आजोबा? पाद्र्याची पोर बसणार का पायरीवर?"

तो चेष्टा करत होता. पण बुवांना चेष्टा कळत नाही, त्यांना प्रश्न कळतो. अंगठा पट्ट्यात, डोळा मिटला.

"होय. हात ज्याचा, पायरी त्याची. समुद्रात बुडणाऱ्याचे डोळे सोबतचा वल्हेकरी मिटतो, परमुलखात मरणाऱ्याचे परका मिटतो. तो रक्ताचा नसेल तर पायरी स्वतःला ठेवू शकत नाही. पण सारख्या वारसांपैकी एकाला देऊ शकतो. तिसाव्याला, पायरीवर बसून, साक्षीदारांसमोर, हातात हात देऊन."

हाल्दोरचं हसू थांबलं. "हा कायदा कोळ्यांसाठी आहे."

"राजांसाठी वेगळा मला कुणी शिकवला नाही," बुवा म्हणाले.

"मग एवढे दिवस का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही."

नोव्हेंबर १०

आता मी कुठंही गेले की लोक गप्प होतात. आडावर, गोठ्यात. काल रात्रीचं जेवण धाईनं आणून दिलं, वाटी आपटून ठेवली. "घ्या, महाराणी. मासा चालतो ना आपल्याला?" मग तिथंच बसून रडली. "कार्टे, मला तरी सांगायचंस! लेकीनं मिटले म्हणून मी गावभर ओरडत फिरले!"

सकाळी हाल्दोर आला. पाय हलवत नव्हता या वेळी. "चाळीस पुस्तकं कायम आहेत," म्हणाला. मी जातं फिरवत राहिले. "नाहीतर चाळीस माणसंही आहेत." तेही बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच लाजल्यासारखं झालं बहुतेक, कारण दारात वळून म्हणाला, "ते नाव तू पिठात लिहिलंस. त्याऐवजी लाकडावर कोरून दे. कुणाला पुसता येणार नाही असं." मी म्हटलं, देईन. हे वचन पाळायला हवं, काहीही झालं तरी.

दुपारी बाईसाहेब. मला वाटलं होतं त्या येणारच नाहीत. उभ्याच राहिल्या.

"तू मला सगळ्या सभेत उघडं पाडलंस."

"तुम्ही खोटं बोलला नाहीत. सगळ्यांना ते कळलं."

"मी ते किती फिरवून बोलले हेही सगळ्यांना कळलं." मग म्हणाल्या, "उद्या तुला हवं त्याला दे. मी मागायला आलेली नाही." आणि गेल्या. लगेच परत आल्या, एक हातमोजा राहिला होता. तो उचलला. "मी असते तर बोलले नसते," म्हणाल्या. "पेटीवर हात ठेवून गप्प बसले असते. एवढं धाडस नाही माझ्यात."

मला धाडसी म्हणतात त्या. मला!

तीन अजून लिहिलेलं नाही. लिहीन.

नोव्हेंबर ११, संत मार्टिन. तिसावा

झालं.

पायरी एवढी बुटकी आहे हे बसल्यावर कळलं. गुडघे हनुवटीला लागतात. मोठमोठे राजे असेच बसले असतील, बेडकासारखे. मला तेच सुचत होतं. समोर सगळं बेट. जवाची दारू, सीलचं मांस, वाळवलेला मासा, मुलं टेबलाखाली. कुणीतरी मागून म्हणालं, "जरा सरळ बसा, महाराज!" हशा पिकला.

पेला आणला. देण्याआधी केतिलबुवांनी रीतीचे तीन प्रश्न विचारले. डोळे, तोंड, नाक, तिन्ही तुझ्याच हातानं मिटली? हो. कुणी जबरदस्ती केली नव्हती? नाही. पीस ठेवून तीनदा प्रार्थना म्हटलीस आणि मग मिटलेस? हो.

मग म्हणाले, "दे."

हाल्दोर उजवीकडे उभा होता, बाईसाहेब डावीकडे. दोघांनी हात पुढे केले नाहीत. बुवा म्हणाले, "अहो, हात पुढे करा, ती काय ओढून घेणार का?" तेव्हा केले. हाल्दोरचा हात मोठा, स्वच्छ. बाईसाहेबांच्या हाताला लोकरीचा वास. मी तो धरला. पेला त्यांच्याकडे दिला. त्या प्यायल्या, मला वळसा घालून पायरी चढल्या आणि बसल्या. मी खालीच. कुणीतरी मला उठवलं, पायाला मुंग्या आल्या होत्या.

भाले निघतील असं सगळ्यांना वाटलं. हाल्दोरनं आपल्या माणसांकडे बघितलं. पण त्यांच्यातल्याच सहा जणांनी पेटीवर हात ठेवून शपथ घेतली होती, त्याच कायद्याखाली. ते खाली बघत राहिले. हाल्दोर म्हणाला, "ताई, जेवण तरी वाढशील ना?"

"काटे काढून वाढते," बाईसाहेब म्हणाल्या. राणीसाहेब म्हणायला हवं आता.

धाईनं मला सगळ्यांसमोर मिठी मारली. तिच्या अंगाला माशाचा वास. तिचे दोन्ही वाढलेले नातू टेबलाशी हाडासाठी लहान मुलांसारखे भांडत होते.

नोव्हेंबर १३

हाल्दोरचं जहाज गेलं. आठ माणसं इथंच राहिली, इथल्या पोरींमुळे. मी त्याला बीच झाडाच्या लाकडावर त्याचं नाव कोरून दिलं. त्यानं पुन्हा बोटानं गिरवलं. "तुझं काहीतरी आहे, ते तू माझ्यापासून लपवलंयस," म्हणाला. मी कान झाकले नाहीत. बहुतेक लाल झाले असावेत. पण तो हसला आणि होडीत बसला.

त्याला नक्की काय म्हणायचं होतं?

नोव्हेंबर १६

सगळ्या होड्या माशांना गेल्या. मी किनाऱ्यावरून मोजल्या. एकशे पाच.

नोव्हेंबर २३

राणीसाहेबांचा हुकूम: कायदा लिहून काढायचा. "म्हाताऱ्याला कुणी विचारलं नाही म्हणून त्यानं सांगितलं नाही, असं पुन्हा व्हायला नको," म्हणाल्या. म्हणून रोज सकाळी केतिलबुवा माझ्यासमोर बसतात, डोळा मिटतात आणि सुरू. मी लिहिते. चूक झाली की खरवडण्याआधी मोठ्यानं सांगते. सवयीनं. बुवांना ते फार आवडतं.

आज मृतांचं प्रकरण आलं. पायरीचं, हाताचं, सगळं. मग बुवा म्हणाले, "आणि पीस न बघता जो जिवंताचे डोळे मिटतो तो खुनी. त्याच्या हाताला पायरी नाही. त्यानं दिलेलं टिकत नाही, घेणाऱ्याकडून परत घ्यावं."

लेखणी थांबली.

"लिहिलंस?"

"लिहिते."

"कठीण शब्द आहे का?"

"नाही."

लिहिलं. सुंदर अक्षरात. एकही चूक नाही. बुवा म्हणाले, "या एकाच ओळीत काही खरवडलं नाहीस बघ."

नोव्हेंबर ३०

राणीसाहेबांनी मला तो हातमोजा दिला. दुसराही. म्हणाल्या, लिहिताना बोटं गार पडतात तुझी.

डिसेंबर ६

पाद्रीबाबा आले. ठरल्याहून लवकर. तरुण आहेत, समुद्र लागून पिवळे पडलेत. उद्या सकाळपासून कबुल्या. माझी पाळी धाईच्या नंतर.

तीन.

प्रार्थना मी एकदाच म्हटली होती. तेवढ्यात मी त्यांचे डोळे मिटले, कारण ते माझ्याकडे बघत होते. दुसऱ्यांदा म्हणताना ओठावरचं पीस हललं. तेव्हा माझी बोटं नाकपुड्यांवर पोचली होती. खालून हाल्दोरचं शिंग वाजत होतं. मी बोटं काढली नाहीत. तिसरी प्रार्थना पूर्ण म्हटली, शेवटच्या शब्दापर्यंत. मग पीस हललं नाही.

मी मनाशी म्हटलं, वारा असेल.

दार बंद होतं.